यंदा या पानावर नरसाळं नाही

दरवर्षी आपल्या वधूवर केंद्राची पुस्तिका तुमच्या घरी येते, तेव्हा या पानावर माझं नरसाळं असतं. रंगीत. वर रुंद, खाली निमुळतं. मुलामुलींचे फोटो पाहून झाले की तुम्ही इथे येता. काही जण तर चेष्टेनं म्हणतात, भाऊ, आमी पहिले तुमचं नरसाळं पाह्यतो, मंग पोरी. यंदा ते नाही. यंदा त्या जागेवर जे लिहितो आहे ते मी आजपर्यंत कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, मित्रापाशी नाही, आणि बाईपाशी तर नाहीच नाही.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण, हे केंद्र जिचं आहे ती. सगळं मूल गाव तिला बाईच म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. पुस्तिकेची प्रुफं तीच तपासते, लाल पेन घेऊन. म्हणजे हे पहिल्यांदा तीच वाचणार. कोणत्या ओळीपर्यंत पेन चालेल आणि कुठे थांबेल — मला ठाऊक आहे. जाऊ द्या.

नावं-गावं बदलली आहेत. ज्यांची आहेत त्यांना दुसऱ्याच ओळीत कळेल.

पहिले नरसाळ्याचंच सांगू द्या. टाळतोय असं वाटेल तुम्हाला. थोडं टाळतोच आहे. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही, हेही खरं आहे.

केंद्रात यायच्या आधी मी चंद्रपूरला दुचाकीच्या शोरूममध्ये होतो, विक्रीला. तोंड चालायचं माझं. उन्हाळ्यात, त्या चंद्रपूरच्या उन्हात, माणूस नुसता पंख्याखाली बसायला आत आला तरी जाताना किमतीचा कागद खिशात घालून जायचा. एकदा नागपूरहून एक साहेब आम्हाला शिकवायला आले. त्यांनी फळ्यावर एकाखाली एक पट्ट्या काढल्या. सगळ्यांत वरची लांबलचक — चौकशीला आलेली माणसं. तिच्याखाली तिच्याहून आखूड — गाडी चालवून पाहिलेली. मग भाव ठरवलेली, मग बुकिंग केलेली, आणि सगळ्यांत खाली चिमुकली पट्टी — चावी हातात पडलेली. झालं नरसाळं. साहेब म्हणाले, जिथे पट्टी एकदम आवळते तिथे बोट ठेवा. तिथे तुमचं गिऱ्हाईक गळतं आहे.

मला ते चित्र इतकं आवडलं म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा आपलं काम डोळ्यांनी दिसलं. रोज संध्याकाळी मी कॉम्प्युटरवर पट्ट्या पाहायचो, एखाद्या बाईनं कुंडीतल्या झाडाला नवं पान आलं का पाहावं तसा. पट्टी थोडी रुंदावली की जेवण गोड लागायचं. हसा, हसा. मीही हसायचो. पण त्या चित्रात गळालेल्या माणसाला जागाच नसते, हे तेव्हा कोणी शिकवलं नाही — आणि शिकवलं असतं तरी मी ऐकलं असतं का?

शोरूमचा मालक बदलला, माझी नोकरी गेली, आणि मी मूलला बाईकडे आलो. तिच्या घराच्या पुढच्या खोलीत केंद्र चालायचं. राइस मिलच्या रस्त्याला घर, त्यामुळे हंगामात कोंड्याचा धुराळा टेबलावर, फोटोंवर, चहावर. बाई आरोग्य खात्यात नर्स होती. सारी नोकरी गावोगाव फिरण्यात गेली तिची. निवृत्त झाल्यावर लोक म्हणाले, बाई, तुमाले घरोघर माहीत, आमच्या पोरीचंही पाहा ना. असं ते सुरू झालं.

आपल्या बौद्ध समाजात पत्रिका पाहत नाहीत. बाईनं त्या जागी कार्ड आणून बसवलं. जुन्या घरांना हे सांगावं लागत नाही, पण पुस्तिका आता बाहेरही जाते म्हणून सांगतो — सिकलसेलचं कार्ड. आपल्या या भागात, आपल्यात आणि जंगलातल्या गावांतही, हा रक्ताचा दोष पिढ्यान्‌पिढ्या आहे. बोटातून रक्त घेतात, तपासतात आणि कार्ड देतात. पांढरं म्हणजे काही नाही. लाल म्हणजे आजार आहे. पिवळं म्हणजे माणूस धडधाकट, फक्त दोष रक्तात वाहून नेतो. पिवळंवाला शेती करतो, भरतीत धावतो, म्हातारा होतो, त्याला काही होत नाही. पण दोघंही पिवळे असले तर लेकरू लाल निघू शकतं. निघेलच असं नाही. निघू शकतं.

दोन पिवळ्यांनी लग्न करूच नये, असं बाई कधी म्हणाली नाही. ती म्हणायची, कराचं तं कळून करा. गरोदरपणात तपासण्या आहेत, दवाखाने आहेत, इलाज आहे. पण डोळे उघडे ठेवून करा. म्हणून तिचा नियम — दारात माणूस आला की पाणी द्यायचं आणि पहिलं विचारायचं ते कार्ड. नसेल तर सरकारी दवाखान्यात पाठवायचं. "पहिले कार्ड, मंग चहा," असं तिचं ठरलेलं. मुलीचा बाप असो की मास्तर असो, चहा नाही म्हणजे नाही.

आता असं करून धंदा होतो का? तुम्हीच सांगा. लोक चिडायचे. एक गृहस्थ तर बायोडाटा परत घेऊन उठले. "आमच्या पोरीच्या रक्तात खोट आहे का?" म्हणाले, आणि चपला घालता घालता चंद्रपूरच्या दुसऱ्या केंद्राचं नाव घेतलं, जिथे काही विचारत नाहीत.

मी आल्याबरोबर काय केलं असेल? नरसाळं काढलं. वर आलेली स्थळं, मग कार्ड, मग बायोडाटा जुळले ते, मग फोटो पसंत, मग पाहायला गेले ते, मग दोन्हीकडून होकार, मग साक्षगंध म्हणजे साखरपुडा, मग लग्न. आणि पाहतो तर काय — वरची पट्टी ही एवढी रुंद, आणि लगेच दुसरी, कार्डाची, मान आवळल्यासारखी. मी आनंदानं ओरडलोच. बाई, सापडलं! इथी गळून राह्यले लोक!

बाईनं चष्मा वर केला, चित्र पाहिलं. म्हणाली, "ते गळले नाहीत रे. त्यायले मी थांबवलं. तेच तं माहं काम. तुह्या चित्रात माहं काम भोकासारखं दिसते."

मला राग आला. खरंच सांगतो, राग आला. एवढी शिकलेली बाई, आणि धंद्यातलं काही समजत नाही. मी मनात म्हटलं, दाखवतोच हिला.

मग बाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. ती नागपूरला मुलाकडे गेली आणि चांगली काही महिने तिकडेच राहिली. केंद्र माझ्या हातात. जाताना दारात उभी राहून तिनं एकच सांगितलं. काय सांगितलं असेल, ते तुम्ही ओळखलं असेलच.

मी कार्ड बंद नाही केलं. तेवढा धीट नव्हतो. मी फक्त पट्टी हलवली. वरून काढून खाली, होकाराच्या नंतर. आधी पोरापोरींना एकमेकांना पाहू द्या, पसंत पडू द्या, मग दाखवा कार्ड, काय बिघडतं? आल्याबरोबर चहा द्यायला लागलो. लोक खूश. वरच्या पट्ट्या अशा रुंदावल्या, अशा रुंदावल्या — मी त्या चित्राचा फोटो शोरूममधल्या जुन्या दोस्तांना पाठवला.

पण मग नरसाळं खाली आवळायला लागलं. साहजिकच आहे ना? होकार झालेला, घरात बोलणी झालेली, पोरगी मनात साडी निवडायला लागलेली — आणि मी विचारणार, कार्ड? कोणी देईना. कोणी म्हणे आणतो, कोणी म्हणे हरवलं. वर जे लोक नुसते चिडायचे, ते खाली रडायला लागले. तेव्हा मी दुसरी युक्ती केली. कार्डाची वेगळी पट्टीच काढून टाकली. एक नवी पट्टी केली — 'कागदपत्रं पूर्ण'. त्यात फोटो, शाळेचा दाखला, आधार आणि कार्ड, सगळं एकत्र. कागद आले असं मी म्हटलं की आले. मधली खाच गेली. नरसाळं कसं वरून खालपर्यंत गुळगुळीत, तेल ओतावं तर थेंब सांडणार नाही असं.

मी आतापर्यंत जे सांगितलं तेवढंच असतं तर मी हे पान खर्च केलं नसतं. लबाडी म्हणा, आळस म्हणा. पण माझा गुन्हा पट्टी हलवण्याचा नाही. खरं म्हणजे — थांबा. येतोच आहे तिथे.

सुजाता सिंदेवाहीची. डी.एड. झालेली, एका खाजगी शाळेत शिकवायची. बापाबरोबर आली तेव्हा मी चहा मागवायच्या आधीच तिनं पर्समधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. पिवळं. म्हणाली, "काका, मी पहिलेच सांगून देतो. माहं पिवळं आहे. समोरच्याचं पांढरं असन तरच पुढं जाचं." बाप खाली मान घालून बसला होता, जणू पोरीनं काही वंगाळ बोललं. ती मात्र सरळ माझ्याकडे पाहत होती. माझ्या केंद्रात त्या सगळ्या महिन्यांत बाईच्या नियमानं वागलेली ही एकच मुलगी. आणि तिलाच —

प्रशिक गडचांदूरचा. सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे इलेक्ट्रिशियन. उंच, शांत, हसला की डोळे बारीक व्हायचे. दोघांना एकमेकं आवडली ती अशी की पाहायला आलेली माणसं पोहे संपवून उठली तरी हे दोघं अंगणात बोलतच होते. मला इतका आनंद झाला, विचारू नका. ही जोडी म्हणजे माझ्या नव्या पद्धतीचा विजय. तिकडे चंद्रपूरला परिचय मेळावा ठरला होता. मी माझ्या नरसाळ्याचा मोठा फ्लेक्स छापायला दिला होता, स्टेजच्या मागे लावायला. आणि मनात ठरवलं होतं की या दोघांना स्टेजवर बोलवायचं. बाई काठी टेकत का होईना मेळाव्याला येणार होती. तिला ते दिसलं पाहिजे होतं.

प्रशिकच्या बापाला मी कार्डाचं विचारलं. विचारलं मी, नाही असं नाही. ते म्हणाले, पोराले आजवर ताप नाई आला, तरी तपासून आणतो. मग धान कापणी लागली. मग मळणी. मग माझाही फोन कमी झाला. पोराला मी स्वतः कधी विचारलं नाही. कारण पोराला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, कशासाठी काका? मग मला सांगावं लागलं असतं की मुलीचं पिवळं आहे. आणि तपासणीत जर त्याचंही पिवळं निघालं असतं — तर? फ्लेक्स छापून आला होता.

साक्षगंधाच्या आधी सुजाता केंद्रात आली. एकटीच आली, शाळा सुटल्यावर, बसनं. बसली नाही. उभ्या उभ्याच विचारलं. "काका, त्यायचं कार्ड पाह्यलं ना तुमी?"

हेच ते. इतकी पानं — बरं, एकच पान — फिरून फिरून मी जिथे यायचं टाळत होतो ते हेच. मी कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणालो, "पाह्यलं ना. पांढरं आहे."

पाहिलं नव्हतं. असं काही कार्ड माझ्यापुढे कधी आलंच नव्हतं.

ती हसली. मोकळी हसली. आणि तेव्हा खाली बसली आणि म्हणाली, चहा सांगा आता. मी सांगितला चहा. दोघांनी घेतला. तिनं शाळेतल्या पोरांच्या गमती सांगितल्या. मी हसलो. मला त्या वेळी भीती वाटली का? तुम्हाला वाटेल, वाटली असेल. नाही वाटली. मी स्वतःला म्हटलं, बहुतेकांचं पांढरंच निघतं. लग्नाच्या आधी पोराला दवाखान्यात पाठवू. आणि मला बरं वाटलं — विक्री झाली की वाटायचं तसं, अगदी तसंच. ते बरं वाटणं मला आता सगळ्यांत जास्त आठवतं. लाज वाटते ती त्याची.

पोराला दवाखान्यात पाठवलं नाही. प्रशिकला फोनवर म्हणालो, सगळे कागद जुळले, निश्चिंत राहा. लहानपणी शाळेत कधीतरी त्याचं बोट टोचलं होतं, त्याला वाटलं त्या तपासणीचंच कार्ड बापानं आणून दिलं असेल. आणि सुजाता एकदा त्याला फोनवर म्हणाली, आपलं कार्ड जुळलं म्हणे. तो म्हणाला, हो. त्या एका 'हो'चं पुढे काय झालं ते सांगतो.

लग्न विहारात झालं. पांढऱ्या कपड्यांत दोघं फार सुंदर दिसत होते. मेळाव्यात त्यांना स्टेजवर बोलावलं, माझ्या नरसाळ्याच्या समोर उभं केलं, सगळ्यांत खालच्या पट्टीपाशी. टाळ्या पडल्या. बाई पहिल्या रांगेत होती. खाली उतरल्यावर तिनं चित्राकडे काठी केली. "कार्डाची पट्टी कुठी गेली रे?" मी म्हणालो, आहे ना बाई, 'कागदपत्रं पूर्ण'मध्ये आहे. तिनं पुन्हा एकदा पाहिलं. "बरं दिसते," म्हणाली. लहानपणापासून तिच्या तोंडून एवढं ऐकायला मी तरसलो होतो.

सुजाताला दिवस गेले. आपल्याकडे गरोदर बाईचं सिकलसेल तपासतात, हे तुम्हाला माहीत आहे. तिचं पिवळं होतंच. तिथल्या सिस्टरनं विचारलं, नवऱ्याचं? त्यांनाही आणा, तपासू. सुजाता म्हणाली, त्यांचं पांढरं आहे, लग्नाआधीच पाहिलं आहे. सिस्टरनं विश्वास ठेवला. नर्सबाईच्या केंद्रातून जुळलेलं लग्न म्हटल्यावर कोण नाही ठेवणार? म्हणजे पहा — माझ्या त्या दोन शब्दांनी पहिलं दार तर लावलंच, दुसरं दारही लावून घेतलं. तिथे कळलं असतं तरी त्यांच्या हातात काहीतरी होतं. निदान निवड होती. ती त्यांची होती, माझी नव्हती.

मुलगी झाली. मैत्री. बसायला लागली, रांगायला लागली, आणि एक दिवस हातापायांचे पंजे सुजले. हात लावू देईना. रड थांबेना. चंद्रपूरला नेलं. तिघांचंही रक्त तपासलं. पोरीचं लाल. प्रशिकचं पिवळं.

पोरगी आहे. चांगली आहे. रोज गोळी घेते, पाणी भरपूर पाजावं लागतं, ताप आला की दवाखाना. मध्ये मध्ये दुखतं तेव्हा सगळं घर जागं राहतं. पण बोलते किती म्हणून सांगू — बडबड्या चिमणीसारखी. हे मी ऐकून सांगतो आहे. मी तिला एकदाच पाहिलं आहे.

ते बैठकीत. सुजातानं ठरवून टाकलं होतं की नवऱ्यानं खोटं कार्ड दाखवून तिला फसवलं. प्रशिक म्हणे, मी कार्ड दाखवलंच नाही कोणाला. ती म्हणे, मग काकांनी काय पाहिलं? आणि फोनवर तुम्ही हो म्हणाले होते ते काय? दोन्ही घरचे सिंदेवाहीला बसले, विहाराच्या सभागृहात, सतरंजीवर. मला बोलावलं साक्षीला. बाई माझ्यासोबत आली, म्हणाली केंद्राचं नाव आहे, मी येतो. मैत्री आजीच्या मांडीवर होती, माझ्या शर्टच्या खिशातल्या पेनाकडे पाहत होती.

बाईनंच विचारलं मला. सगळ्यांसमोर, अगदी साधेपणानं. "सांग भाऊ. पाह्यलं होतं ना तू कार्ड?"

एक शब्द होता. 'नाही'. मी तो तोंडात घेऊन बसलो. मी प्रशिककडे पाहिलं, तो माझ्याकडेच पाहत होता, आशेनं. मी सुजाताकडे पाहिलं. मग मी बाईकडे पाहिलं — आणि म्हणालो, "पाह्यल्यासारखं आठवते."

बस. तेवढंच. 'पाह्यलं' म्हणायची छाती नव्हती, 'नाही' म्हणायची तर त्याहून नव्हती. पण सभागृहाला तेवढं पुरलं. प्रशिकचा बाप मान खाली घालून राहिला. त्याला आपलीच टाळाटाळ आठवत असेल, आणि वाटलं असेल पोरानं परस्पर काही केलं. सुजाता उठली, मैत्रीला घेतलं आणि बाहेर गेली. परतताना गाडीत बाई म्हणाली, खोटं कार्ड बनवणाऱ्याचे हात कसे धजतात रे? मी खिडकीबाहेर पाहत होतो. मूलकडचा रस्ता, दोन्हीकडे धानाच्या बांध्या. मी म्हणालो, लोक काहीही करतात बाई.

तेव्हापासून सुजाता माहेरी आहे. काडीमोड झालेला नाही. प्रशिक सुट्टीच्या दिवशी लेकीला भेटायला जातो. जाताना मूलला उतरतो, बस बदलायला. आणि केंद्रात येतो. काऊन येतो? भांडायला येत असता तर बरं झालं असतं. तो पाणी पितो. मैत्रीचा फोटो दाखवतो मोबाइलमध्ये. मागच्या वेळी आला तेव्हा मोबाइल खिशात ठेवला आणि म्हणाला — "काका, मी लय इचार केला. तुमच्यापाशी एवढे पोरं येतात. दुसऱ्या कोण्या प्रशिकचं कार्ड तं नाई पाह्यलं तुमी? चुकून? तसं असन तं तिले एवढं सांगा ना. मी तुमच्यावर राग नाई धरणार. चुकते माणूस."

त्याला समजतंय का, तो काय करत होता? माझ्यासाठी पळवाट शोधून आणली होती त्यानं. रात्रपाळ्या करता करता, विचार करकरून, माझ्यासाठी. मी म्हणालो, असन. असू शकते. पाहतो आठवून.

तो आभार मानून गेला. बसमागे धावत गेला.

यंदाचं नरसाळं तयार होतं. छापखान्यात पाठवायला काढलं होतं. आकडे चांगले आहेत, रंग नवे आहेत, तुम्हाला आवडलं असतं. सगळ्यांत खालच्या पट्टीत ते दोघं अजूनही आहेत, लग्न झालेल्यांत. वेगळं राहणाऱ्यांना त्या चित्रात पट्टी नाही. मैत्रीलाही नाही. आणि मला कुठे ठेवायचं? मी ते चित्र काढून टाकलं आणि हे लिहायला बसलो.

समोर जाऊन सांगायला हवं होतं. तेवढी छाती नाही म्हणून छापून सांगतो आहे, हेही दिसतंच आहे तुम्हाला. बाई नसती गेली, कापणी नसती लागली, पोरानं स्वतःच तपासलं असतं — यातलं काही एक मी पुढे करत नाही. बाई, तू हे वाचते आहेस. तुझी पट्टी मी काढली होती. ती गळती नव्हती.

सुजाता, तुझ्या नवऱ्यानं तुला फसवलं नाही. तू विचारलंस तेव्हा मी कॉम्प्युटरकडे पाहत होतो. तो कॉम्प्युटर बंद होता.

प्रशिक, दुसऱ्या कोणाचं कार्ड नव्हतं ते. कार्ड नव्हतंच.